पार्श्वभूमी : ‘माकड’ म्हणजे नेमकं कोणतं?

रामटेकच्या गडावर हातातला प्रसाद पळवतो तो काळतोंड्या वानर, खेड्यातल्या बोलीत वांदर. लालतोंड्या माकड हा वेगळा प्राणी. गोदावरीच्या दक्षिणेला भेटतं ते टोपी माकड तिसरं. उपद्रवाच्या तक्रारीच्या अर्जावर मात्र तिघांसाठी शब्द एकच, ‘माकड’. माकडं पकडण्या-सोडण्यातला सध्याचा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

लालतोंड्याचा इतिहास प्रयोगशाळांशी बांधलेला आहे. पोलिओच्या लशीसाठी त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, म्हणून 1950च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाच्या वर माकडं विमानाने परदेशी गेली. 1955 साली निर्यात थोडे दिवस थांबली, पुन्हा चालू झाली. 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलं. संशोधनाच्या नावाखाली नेलेली माकडं अमेरिकेत किरणोत्साराच्या लष्करी चाचण्यांत वापरल्याचं उघड झालं, तेव्हा 1978 साली निर्यातीला पूर्ण बंदी आली. पुढे संख्या वाढली तशी ओरडही वाढली आणि 2016 साली शिमल्यात हे माकड ‘उपद्रवी’ ठरलं.

वादाचा निर्णय 2022चा. वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने सहा अनुसूची, म्हणजे प्राण्यांच्या याद्या, चारवर आणल्या आणि त्या आवराआवरीत लालतोंड्या संरक्षित यादीतून बाहेर पडला. 1 एप्रिल 2023 पासून हे लागू झालं. काळतोंड्या वानर यादीत राहिला आणि टोपी माकड तर सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत चढलं. केरळात शेतीच्या नुकसानीमुळे ते खाली आणा अशी मागणी आहे. यादीतून काढणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, प्राण्यांशी क्रूरता रोखणारा 1960चा कायदा अजून लागू आहे. पण ‘आता हा वन्यप्राणी नाही’ म्हणून वनखात्याने हात झटकायचे आणि ‘आमच्याकडे माणसं नाहीत’ म्हणून पालिकेने, ही वाट या निर्णयाने मोकळी करून दिली. एवढ्या मोठ्या बदलासोबत पकडायचं कोणी आणि सोडायचं कुठे याची पद्धत ठरायला हवी होती.

पकडण्यातली चूक साधी असते. भुईमूग किंवा केळी ठेवलेल्या पिंजऱ्यात लालतोंडे सहज शिरतात, वानर सहसा बिचकतो. आधी धीट नर आणि अर्धवट वयाची पिल्लं अडकतात, तेवढ्यावरच गाडी निघते. मागे राहिलेल्या माद्यांना साडेपाच महिन्यांत पुन्हा पिल्लं होतात, रिकाम्या जागेत शेजारची टोळी घुसते, वर्षभरात तक्रार पुन्हा हजर. म्हणून पूर्ण टोळी दोन-तीन दिवसांत उचलायची, पोटाला पिल्लू असलेली मादी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायची आणि टोळी एकत्रच सोडायची.

यापेक्षा मोठी चूक सोडण्याच्या जागेची. लालतोंड्याचा मूळ प्रदेश साधारण तापी-गोदावरीच्या उत्तरेचा. तो गेली काही दशकं दक्षिणेकडे सरकतो आहे आणि ट्रकमधून नेऊन सोडलेल्या टोळ्या त्याला हातभार लावतात. जिथे तो पोचतो तिथून टोपी माकड मागे हटतं. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत लालतोंड्याला धोका नाही, टोपी माकड मात्र ‘असुरक्षित’ आहे आणि ते भारताबाहेर कुठेच नाही. नागपुरात धरलेली टोळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सोडली, तर इथली तक्रार मिटेल आणि तिथे हळूहळू एक जात कमी होत जाईल. धोक्यातल्या माकडांचा विषय निघाला की केरळच्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलातल्या सिंहपुच्छ माकडाची आठवण निघते, टोपी माकडाची कोणाला होत नाही.

म्हणून पंचनाम्यात जात लिहिणं भाग आहे. काळं तोंड आणि शरीरापेक्षा लांब, पाठीवर कमानीसारखी शेपटी असेल तर वानर. लालतोंड्याची शेपटी शरीराच्या निम्मी, कंबरेपासून मागचे केस नारिंगी. टोपी माकडाची शेपटी जवळपास शरीराइतकी लांब, डोक्यावर केसांचा भोवरा, मागे नारिंगी झाक नाही. प्राणी दिसला नाही तर पिकाकडे पाहावं. वानर पानखाऊ, काटोल-नरखेडच्या संत्राबागेत तो नवती (कोवळी पालवी) आणि कळ्या जागेवर बसून खुडतो. लालतोंड्या गालाच्या पिशव्या भरून बांधावर पळतो, साली आणि चोथा तिथे सापडतो. तोंड आणि शेपटी दोन्ही येतील असा एक फोटो जोडला, तर पुढच्या टेबलावर वाद उरत नाही.