इटॅलिक की नुसतं तिरपं?

कॅलिब्री फॉन्टमध्ये इंग्रजीतला स्मॉल 'ए' टाईप करा आणि त्याला इटॅलिक करा. उभा असताना त्याच्या गोलावर एक कमान असते. इटॅलिक होताच ती कमान गळून पडते आणि आपण वहीत काढतो तसा साधा, एकमजली 'ए' उरतो. आता हेच एरिअलमध्ये करून पाहा. कमान जागच्या जागी राहते, अक्षर फक्त उजवीकडे कलतं. मेनूमध्ये दोन्हींचं नाव 'इटॅलिक' असलं, तरी पहिलं खरं इटॅलिक आहे आणि दुसरं ऑब्लिक, म्हणजे उभ्या अक्षराचंच तिरपं रूप. हेल्व्हेटिका हा फॉन्ट या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. पीडीएफच्या मूळ फॉन्टांत टाइम्सचं तिरपं रूप 'टाइम्स-इटॅलिक' या नावाने येतं, तर हेल्व्हेटिकाचं 'हेल्व्हेटिका-ऑब्लिक' या नावाने, आणि त्याचा कल असतो 12 अंश.

इटॅलिक जन्माला आलं ते हाताच्या वेगातून. इटलीतल्या लेखनिकांचं भरभर लिहिण्याचं एक वळण होतं. त्यावरून फ्रान्चेस्को ग्रिफो याने साचे कोरले आणि व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने 1501 मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्या अक्षरांत छापलं. तेव्हा हे अक्षर एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी नव्हतं, सबंध मजकुरासाठी होतं. उभ्या अक्षरांच्या शेजारी बसून वेगळेपण दाखवण्याचं काम त्याला पुढे मिळालं. म्हणून इटॅलिकमध्ये कल दुय्यम आहे. त्याचं खरं लक्षण म्हणजे कलम कमी वेळा उचलून काढलेलं अक्षर.

सॅन्स-सेरिफची अडचण इथेच सुरू होते. टोकांच्या आडव्या पट्ट्या काढून टाकलेल्या या अक्षरांत कलमाच्या खुणा मुळातच कमी, मग हाताचं वळण दाखवायचं कुठे? 1927 च्या फुतुरा फॉन्टने तो प्रश्नच घेतला नाही. पाउल रेनरची ती अक्षरं वर्तुळ आणि सरळ रेषांवर उभी आहेत, आणि त्यांना तिरपं करणंच शोभतं. (फुतुराचा उभा 'ए'सुद्धा एकमजलीच आहे, त्यामुळे वरची चाचणी तिथे लागू पडत नाही.) पुढच्याच वर्षी मोनोटाइप कंपनीने आणलेल्या गिल सॅन्सने मात्र वेगळी वाट धरली. एरिक गिलच्या इटॅलिकमधला 'ए' एकमजली होतो आणि 'पी'च्या गोलातून डावीकडे एक छोटी शेपटी डोकावते. जुन्या सेरिफ इटॅलिकमधून आलेली ही शेपटी मला फार आवडते. अक्षर सपाट असलं तरी ते कुणीतरी हाताने लिहिलंय, हे त्या एका फटकाऱ्यातून कळतं.

ऑब्लिक म्हणजे आळशीपणा, असा मात्र याचा अर्थ नाही. नीट केलेल्या ऑब्लिकमागे बरीच मेहनत असते. गोल 'ओ' यंत्राने कलवला की वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, तर उरलेले दोन भाग बारीक होतात. उभे दांडेही किंचित बारीक पडतात, आडव्या रेषा मात्र होत्या तेवढ्याच जाड राहतात. हे सगळं डिझायनरला हाताने सावरावं लागतं. ब्राउझरने फॉन्टची तिरपी फाइल नसताना स्वतःच अक्षर ढकललं, तर सावरायला कुणीच नसतं. ती तिसरीच गोष्ट, आणि ती वाईटच दिसते.

जाणत्यांचंही यावर एकमत नाही. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाच्या पाट्यांवरून पुढे आलेल्या फ्रुटिगर फॉन्टमध्ये आधी ऑब्लिक होतं, 'फ्रुटिगर नेक्स्ट'मध्ये खरं इटॅलिक आलं आणि 2009 च्या 'नोए फ्रुटिगर'मध्ये पुन्हा ऑब्लिक. माझं मत मी कामावरून ठरवतो. पाटी, तक्ता किंवा लोगो, जिथे दोनचार शब्दच झुकवायचे आहेत आणि बाकी मजकुराशी ते एकजीव दिसायला हवेत, तिथे ऑब्लिक घ्यावं. परिच्छेदच्या परिच्छेद तिरपे असतील, किंवा वाक्यात पुस्तकाचं नाव चटकन वेगळं दिसायला हवं असेल, तर खरं इटॅलिकच हवं. नुसता 12 अंशांचा कल लहान आकारात नजरेतून निसटतो, बदललेला 'ए' निसटत नाही.

मराठीसाठी हा भेद जास्तच महत्त्वाचा आहे. आपल्याकडेही भरभर लिहिण्याचं वळण होतं, ते मोडी. पण मोडी स्वतंत्र लिपी म्हणून वावरली, बाळबोध छपाईच्या ओळीत जोर देण्यासाठी येऊन बसली नाही. म्हणजे देवनागरीत इटॅलिकमागे उभी राहील अशी हाताची परंपराच नाही. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी या फॉन्टांत इटॅलिक दिलेलंच नाही. तरीही संकेतस्थळांवर अवतरणं आणि छायाचित्रांखालच्या ओळी सर्रास तिरप्या दिसतात. ते ब्राउझरने ढकललेलं अक्षर असतं: शिरोरेषा आडवी आणि जाड, दंड मात्र कललेले आणि बारीक पडलेले. संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी मराठी मजकुरासाठी, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या 'फॉन्ट-सिंथेसिस' या सूचनेने ही कृत्रिम तिरप बंद करावी. जोर द्यायला ठळक अक्षर आहे, नावांसाठी एकेरी अवतरणचिन्ह आहे. आंब्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत आलं, तर तेवढे दोन शब्द खुशाल इटॅलिकमध्ये ठेवावेत, आणि त्या रोमन फॉन्टमध्ये खरं इटॅलिक आहे ना, हे स्मॉल 'ए' पाहून आधी तपासावं.