आगगाडी आणि डुकराची तंगडी

गेला महिनाभर मोबाइलवर एक जाहिरात सारखी डोकावत होती. कोट घातलेला एक तरुण बोट नाचवत सांगतो, "मनातल्या मनात भाषांतर करणं आजच बंद करा! थेट इंग्रजीतून विचार करा! ३० दिवसांत फाडफाड बोला!" त्या ३० दिवसांचं मला काही वाटलं नाही, असले आकडे जाहिरातीत असायचेच. खटकलं ते 'बंद करा'. जणू भाषांतर म्हणजे मेंदूतला नळ, पिळला की थांबला. हा नळ खरंच बंद होतो का, हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे, आणि त्यासाठी ज्यांच्या डोक्याला तारा लावल्या ती माणसं होती चिनी. म्हणून आज चिनी लोकांच्या इंग्रजीविषयी.

चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं धोरण आलं. बारावीनंतरच्या 'काओखाओ' या प्रवेश परीक्षेत चिनी, गणित आणि परकीय भाषा हे तीन मुख्य विषय, प्रत्येकी १५० गुणांचे. त्यामुळे शब्द पाठ करणं हा तिथला राष्ट्रीय उद्योग आहे. शब्दांची जाडजूड पुस्तकं मिळतात, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ, सगळं एबीसीच्या क्रमाने. यातल्या अनेक पुस्तकांचा पहिला शब्द असतो 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. पोरं पहिला शब्द पाठ करतात आणि त्याचं तंतोतंत पालन करतात, हा तिकडचा जुना विनोद. (हाइपही तिकडे कमी नाही. ली यांग नावाच्या शिक्षकाची 'क्रेझी इंग्लिश' पद्धत तिथे प्रचंड गाजली. स्टेडियममध्ये हजारो लोकांनी एका सुरात इंग्रजी वाक्यं ओरडायची. लाज जात असेल, शब्दाचा अर्थ ओरडून बदलत नाही.)

खरी गंमत त्या उजवीकडच्या रकान्यात आहे. पुस्तक सांगतं 'ओपन' म्हणजे 'खाइ'. बरोबरच आहे. पण चिनी 'खाइ' दार उघडतो, दिवा लावतो, गाडी चालवतो, सभा भरवतो, फूल उमलवतो आणि पाणी उकळतो. साहजिकच शिकणारा म्हणतो 'ओपन द लाइट'. दिवा घालवायचा तर 'क्वान', आणि दार लावायचं तरी 'क्वान'. म्हणून 'क्लोज द लाइट'. हसण्याआधी आपल्याकडे बघा. मराठीत दार 'उघडतो' आणि लाइट 'लावतो', त्यामुळे 'ओपन द लाइट' आपल्या तोंडून सहसा निघत नाही. पण दार 'बंद' आणि लाइटही 'बंद', म्हणून 'क्लोज द लाइट' मात्र आपल्या घराघरांत ऐकू येतं. चिनी माणूस दोन्हीकडे चुकतो, आपण निम्मे चुकतो. जिथे मातृभाषेने दोन अर्थ एकाच खुंटीला टांगलेत, नेमकं तिथेच इंग्रजी घसरते.

'खान' म्हणजे बघणे. पुस्तकही खान, टीव्हीही खान, आजारी पडलं की डॉक्टरही खान. पहिल्या दोन ठिकाणी 'सी', 'वॉच', 'रीड' यांची सरमिसळ होते. तिसऱ्या ठिकाणी मात्र लॉटरी लागते, कारण इंग्रजही डॉक्टरला 'सी' करतो. आपण डॉक्टरला स्वतःला 'दाखवतो'. 'च्ये' म्हणजे उसनं देणंही आणि घेणंही, म्हणून 'बॉरो' आणि 'लेंड'चा कायमचा घोळ. एकच शब्द दोन उलट दिशांना कसा चालतो असं वाटेल, पण आपण 'परवा आलो' आणि 'परवा येईन' म्हणतोच ना? बाकीचे शब्द सांभाळून घेतात. 'वन-थी' म्हणजे परीक्षेतला प्रश्न आणि आयुष्यातला प्रश्नही, अगदी मराठीसारखा. इंग्रजीला तिथे 'क्वेश्चन' आणि 'प्रॉब्लेम' असे दोन खण लागतात. आणि बोलताना तो, ती, ते तिघेही 'था'. लिहिण्यात 'ती'साठी वेगळी खूण १९२०च्या सुमारास ल्यू पाननोंग या कवीमुळे रुळली, पण उच्चार तोच राहिला. माझी शांघायची एक सहकारी इंग्रजीत अहवाल लिहिते ते मी आदर्श म्हणून जपून ठेवतो. तीच बाई व्हिडिओ कॉलवर नवऱ्याबद्दल बिनदिक्कत म्हणते, "शी इज कुकिंग."

(जाता जाता: 'खाइ', 'थी' यातले ख आणि थ मी हौसेने लिहिलेले नाहीत. रोमन लिपीत चिनीचे के आणि टी लिहितात ते उच्चाराने ख आणि थ असतात, आणि जी, डी लिहितात ते क आणि त. क-ख, त-थ हा भेद मराठी कानाला जन्मजात आहे. इंग्रजाला तो शिकावा लागतो.)

नान ज्यांग या संशोधकाने २००२ साली हा खुंटीचा मामला तपासला. त्याने इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या आणि विचारलं, हे दोन अर्थ किती जवळचे? काही जोड्यांचा चिनी प्रतिशब्द एकच होता, काहींचे वेगवेगळे. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. चिनी मंडळींनी मात्र एकाच प्रतिशब्दाच्या जोड्यांना जास्त जवळच्या ठरवलं. म्हणजे इंग्रजी शब्दाचं घर नवं, आतला भाडेकरू जुनाच.

पण हे झालं लोकांनी विचार करून दिलेलं उत्तर. न विचारता मेंदू काय करतो? आता माझा आवडता विषय येतोय, थोडा धीर धरा.

डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावले की मेंदूतल्या पेशींच्या एकत्रित विद्युत हालचाली मोजता येतात. हा झाला ईईजी. अडचण अशी की पापणीची उघडझाप, जबड्याचे स्नायू आणि मेंदूची नेहमीची गुणगुण मिळून कित्येक मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतो, आणि एका शब्दाला मेंदूने दिलेला प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. लोकलच्या गर्दीत कुजबुज ऐकण्यासारखं. युक्ती सरासरीची. एकाच प्रकारचे पुष्कळ शब्द दाखवायचे, प्रत्येक शब्द पडद्यावर आला तो क्षण शून्य धरायचा आणि सगळे आलेख एकमेकांवर ठेवून सरासरी काढायची. गोंगाट कधी वर कधी खाली, त्यामुळे तो एकमेकांना खोडतो. प्रतिसाद दरवेळी त्याच जागी, म्हणून तो उरतो. गोंगाट घटतो तो संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे ३६ वेळा मोजलं तर सहापटीने, १०० वेळा मोजलं तर दहापटीने.

१९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी कॅलिफोर्नियात लोकांना एकेक शब्द करत वाक्यं दाखवली. काहींचा शेवटचा शब्द मुद्दाम विसंगत होता. मराठीत बोलायचं तर "आईने गरम पोळीला मोजे लावले". अनपेक्षित गोष्ट दिसली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी येणारी एक धन लाट तेव्हा ठाऊक होती. तीच दिसेल अशी त्यांची अपेक्षा, पण निघाली ऋण लाट, ४०० मिलिसेकंदांच्या आसपास. तिचं नाव पडलं एन-४००. शेवटचा शब्द अर्थाने बरोबर पण नुसताच मोठ्या अक्षरात दाखवला, तर ही लाट येत नव्हती, धन लाट येत होती. म्हणजे एन-४०० नुसत्या दचकण्याची नाही, अर्थ जुळवायला लागणाऱ्या कष्टाची लाट. आणि एक महत्त्वाची गोष्ट: शब्द किंवा त्याचा भाग नुकताच येऊन गेला असेल तर कष्ट कमी, लाटही लहान.

वेल्समधल्या बँगर विद्यापीठातल्या गियोम तिएरी आणि यान जिंग वू यांनी २००७ मध्ये हीच लाट पकडली. इंग्रजीत मुरलेल्या चिनी लोकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, या दोन शब्दांच्या अर्थात संबंध आहे का? संपूर्ण प्रयोग इंग्रजीत, चिनीचं नावही नाही. एक जोडी होती 'ट्रेन' आणि 'हॅम' (डुकराच्या तंगडीचं मांस). संबंध शून्य. पण चिनीत ट्रेन म्हणजे 'हुओ-छ', हुओ म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. चक्क आपली आगगाडी! आणि हॅम म्हणजे 'हुओ-थुइ', आग-तंगडी. लपलेली 'आग' दोन्हीकडे. मराठीत हाच डाव 'ट्रेन' आणि 'मॅचबॉक्स'ने टाकता येईल, आगगाडी आणि आगपेटी.

निकाल असा: लोकांची उत्तरं आणि उत्तराला लागलेला वेळ, दोन्हींत लपलेल्या आगीमुळे काही फरक नव्हता. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. पण एन-४०० लहान झाली होती. फक्त इंग्रजी येणाऱ्यांच्या आलेखात असं काही नव्हतं, चिनी लोकांना तेच शब्द चिनीत दाखवले तेव्हा होतं. वाचूनही तेच, ऐकूनही तेच.

मग पुढचा प्रश्न. आतून उठतं ते चिनी अक्षर की चिनी आवाज? २०१० मध्ये याच दोघांनी ते सोडवलं, आणि त्यासाठी चिनी लिपीने आयती सोय करून दिलेली आहे. 'एक्सपीरियन्स' म्हणजे 'चिंग-येन', 'सरप्राइज' म्हणजे 'चिंग-या'. 'चिंग' ऐकायला सारखा, लिहायला वेगळा. उलट 'अकाउंटंट' म्हणजे 'ख्वाइ-ची' आणि 'कॉन्फरन्स' म्हणजे 'ह्वे-यी'. यातलं पहिलं अक्षर लिहायला एकच, उच्चार मात्र दोन. लाट लहान झाली ती आवाज सारखा असताना. अक्षर सारखं असून काही घडलं नाही. म्हणजे डोळे इंग्रजी वाचतात आणि आतला कान चिनी ऐकतो.

हे सगळ्यांना पटलेलं नाही. आल्बेर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, त्या क्षणी चिनी जागी होतेच असं कशावरून? भाषा शिकताना 'ट्रेन' आणि 'हॅम' यांच्यात इंग्रजीच्या जाळ्यातच एक धागा विणला गेला असेल, आणि आता दिसतो तो धागा. बँगरच्या बाजूने उत्तर आलं आणि वाद पुढे चालू राहिला. मला हा आक्षेप बळकट वाटतो, पण त्यामुळे जाहिरातवाल्या तरुणाची सुटका होत नाही. चिनी या क्षणी जागी होत असो की तिने इंग्रजीचं जाळंच आपल्या नमुन्याने विणलेलं असो, जे घडताना कधी कळतच नाही ते माणूस 'बंद' कसं करणार? 'सुप्त मनात इंग्रजी भरणारे' झोपेत ऐकायचे ऑडिओ विकणाऱ्यांनाही हाच प्रश्न.

एक निकाल अजून डोक्यातून जात नाही. २०१२ मध्ये बँगरच्याच जोडगोळीने शब्दांच्या भावनेप्रमाणे जोड्या लावल्या. सुखद आणि तटस्थ इंग्रजी शब्दांना आतली चिनी नेहमीसारखी प्रतिसाद देत होती. युद्धासारख्या अप्रिय शब्दांना मात्र नाही. तिथे मेंदू मातृभाषेचं दार लावून घेत असावा, असा त्यांचा अर्थ. आमच्या घरात मराठी शिवी तोंडातून निसटली तर आजी दोन दिवस बोलत नसे. इंग्रजी निसटली तर विचारायची, "चहा घेणार का?"