नागिणीचा विळखा, टी पेशी आणि पन्नाशीनंतरची लस

नागिणीचं, म्हणजे अंगावर पट्ट्यासारख्या उठणाऱ्या पुरळाचं (शिंगल्स), तोंड आणि शेपूट जुळून विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि आता तेच फॅमिली ग्रुपवर मेसेज बनून फिरतंय. सोबत सल्ले पण असतात, गेरू लावा, अमुक गावात उतरवून देतात, डॉक्टरची औषधं घेतली तर उलटते. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे. नागिणीवर अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर अशी औषधं आहेत आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांत ती सुरू केली तर सगळ्यात जास्त फायदा होतो, आणि लोक नेमके तेच तीन दिवस उतरवून घेण्यात घालवतात. पुरळ तसंही दोन ते चार आठवड्यांत सुकतंच, मग श्रेय उतरवणाऱ्याला जातं आणि मागे राहिलेली आग मात्र पेशंट महिनोन्‌महिने सोसत बसतो, अंगाला सदरा लागला तरी सहन होत नाही इतकी.

विळखा पूर्ण का होत नाही याचं उत्तर सरळ आहे. मणक्यातून डावीकडे आणि उजवीकडे नसांच्या जोड्या निघतात आणि प्रत्येक नस त्वचेचा ठरावीक पट्टा सांभाळते, जो शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. नागीण बहुतेक वेळा एकाच नसेतून बाहेर पडते म्हणून तो पट्टा तेवढा उठतो, पलीकडची बाजू दुसऱ्या नसेची. 1900 साली लंडनमध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी नागीण झालेल्या 21 पेशंटचं मृत्यूनंतर शवविच्छेदन केलं आणि पुरळाचा पट्टा आणि मणक्याशेजारच्या नसेच्या गाठीतली इजा यांची सांगड घातली, कुठली नस त्वचेचा कुठला भाग सांभाळते याचे नकाशे त्यातून तयार झाले. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात पुरळ अंगभर पसरू शकतं आणि ते खरोखर धोक्याचं असतं, पण तिथे मारक ठरते ती ढासळलेली प्रतिकारशक्ती, विळखा नाही.

हा व्हायरस बाहेरून नव्याने येत नाही. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तेव्हाचाच तो, व्हॅरिसेला झोस्टर. कांजण्या बऱ्या होतात पण व्हायरस नसांमधून मागे जाऊन त्या मणक्याशेजारच्या गाठींमधल्या चेतापेशींत शिरतो आणि तिथे जवळपास सगळी जनुकं बंद करून पडून राहतो. चेतापेशी विभागत नाहीत, जन्मभर त्याच टिकतात, म्हणून सातव्या वर्षी शिरलेला व्हायरस सत्तरीतही तिथेच असतो. त्यामुळे "मला कांजण्या येऊन गेल्यात, मी सेफ" हे कांजण्यांपुरतं ठीक आहे, नागिणीच्या बाबतीत मात्र अगदी उलटं आहे.

मग तो इतकी वर्षं गप्प का बसतो? माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर गावचे फॅमिली डॉक्टर होप-सिम्पसन यांनी आपल्याच पेशंटच्या 16 वर्षांच्या नोंदींवरून 1965 साली मांडलं, की व्हायरस अधूनमधून उठायचा प्रयत्न करत असतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबत असते, ती एका पातळीच्या खाली गेली की नागीण उठते. पुढे कळलं की या कामात मुख्य वाटा अँटीबॉडींचा नसून टी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा आहे. अँटीबॉडी रक्तात फिरतात, पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत आणि हा व्हायरस तर नसेच्या आतूनच त्वचेपर्यंत येतो. टी पेशीला पेशीच्या आत जायची गरजच पडत नाही, कारण आपल्या पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे सतत बाहेरच्या पृष्ठभागावर मांडत असतात आणि त्यात व्हायरसचा तुकडा दिसला की तो ओळखणारी टी पेशी कामाला लागते. म्हातारपणी या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी फारशा कमी होत नाहीत, पण त्याला ओळखणाऱ्या टी पेशी कमी होतात, म्हणजे पहारा ढिला पडतो. म्हणून पन्नाशीनंतर नागीण वाढत जाते, आणि म्हणूनच नागिणीच्या लसीला नुसत्या अँटीबॉडी वाढवून भागत नाही, टी पेशी जाग्या कराव्या लागतात.

2006 साली अमेरिकेत आलेली जुनी लस, झोस्टाव्हॅक्स, म्हणजे मुलांच्या कांजण्यांच्या लसीतलाच दुबळा केलेला जिवंत व्हायरस, फक्त डोस किमान 14 पट. तिने साठीपुढच्यांमधली नागीण साधारण निम्म्यावर आणली, पण वय वाढेल तसा परिणाम कमी व्हायचा. नवी लस शिंग्रिक्स, यात जिवंत व्हायरसच नाही. आहे फक्त ग्लायकोप्रोटीन ई हे त्याचं एक प्रथिन, जे व्हायरसला एका पेशीतून शेजारच्या पेशीत जायला लागतं. पण नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, म्हणून सोबत एएस01बी नावाचं सहाय्यक मिश्रण असतं. त्यात दोन गोष्टी आहेत, साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातून काढून निर्विष केलेला एमपीएल आणि चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतलं क्यूएस-21. हे क्यूएस-21 सॅपोनिन वर्गातलं, आपल्या रिठ्याला ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे फेस येतो त्याच वर्गातलं. दोन्ही चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांमध्ये (लायपोसोम) बसवलेली असतात. दंडात इंजेक्शन दिलं की ती काही तासांत काखेतल्या लसिका गाठींपर्यंत पोचतात, एमपीएल टीएलआर-4 हा जिवाणूची चाहूल घेणारा रिसेप्टर चाळवतो, क्यूएस-21 मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये कॅस्पेस-1 हे धोक्याचा इशारा देणारं एन्झाइम जागं करतं, त्या इशाऱ्यावर एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि त्याने तयार झालेल्या डेंड्रायटिक पेशी व्हायरसचं प्रथिन टी पेशींसमोर धरतात. एकटं एमपीएल किंवा एकटं क्यूएस-21 हे इतकं करू शकत नाही, दोन्ही मिळूनच ते घडतं, आणि म्हणून सत्तरीतल्या माणसाच्या थकलेल्या टी पेशीसुद्धा प्रतिसाद देतात.

पन्नाशीपुढच्या 15,411 लोकांच्या चाचणीचा निकाल 2015 साली आला, लस घेतलेल्यांत 6 जणांना नागीण झाली आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत 210 जणांना. म्हणजे 97 टक्के संरक्षण, सत्तरीपुढे 90 च्या आसपास.

हल्ली हिला "डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) लस" म्हणून पण फॉरवर्ड केलं जातं. मूळ अभ्यास वेल्सचा आणि खरंच हुशारीने केलेला, तिथे 2 सप्टेंबर 1933 किंवा नंतर जन्मलेल्यांना लस घेता आली, त्याआधीच्यांना नाही, म्हणजे काही दिवसांच्या फरकाने दोन गट आपोआप तयार झाले आणि लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया साधारण पाचव्या हिश्शाने कमी दिसला. पण ती जुनी झोस्टाव्हॅक्स होती आणि परिणाम मुख्यतः बायकांमध्ये दिसला. डिमेन्शिया टळेल म्हणून लस विकणारा माणूस पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय. नागीण आणि नंतरची आग टळते हे कारण तेवढंच पुरेसं आहे.

भारतात शिंग्रिक्स 2023 पासून मिळते, सरकारी लसीकरणात नाही, खाजगीत दोन डोसचा खर्च पाच आकडी होतो आणि ही अडचण खरी आहे. पन्नाशीपुढच्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ट्रान्सप्लांट, कॅन्सर किंवा संधिवाताच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर वयाच्या 18 पासून घेता येते आणि अंतरही एक-दोन महिन्यांवर आणता येतं. नागीण होऊन गेली असेल तरी घ्यायची, फक्त पुरळ पूर्ण बरं झाल्यावर. दंड दुखतो, ताप, थकवा, अंगदुखी येते, चाचणीत साधारण सहातल्या एकाला रोजची कामं अडतील इतका त्रास झाला, पण तो एक ते तीन दिवसांत जातो. पहिल्या डोसला ताप आला म्हणून दुसरा टाळणारे खूप आहेत, त्यांनी तसं करू नये, आणि सहा महिने उलटून गेले असतील तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला दुसरा डोस लवकरात लवकर घ्यायचा.