पूर ओसरल्यानंतर: सांगलीच्या सावरण्यामागची पार्श्वभूमी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तोवर शहरात हिशेब चाले तो 2005 च्या पुराचा. तेव्हा पाणी 53 फुटांच्या वर गेले होते, आणि गावभागात, कापडपेठेत, हरभट रोडला प्रत्येकाला आपल्या भिंतीवरची त्या वर्षीची खूण पाठ होती. त्या खुणेच्या वर माल रचला की निर्धास्त, अशी समजूत होती. 2019 ला रचलेला मालही गेला आणि ‘आमच्याकडे 2005 ला आलं नव्हतं’ म्हणून घरात थांबलेली कुटुंबेही अडकली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बाहेर निघणाऱ्यांची बोट उलटली, तो दिवस 8 ऑगस्टचा.

त्याच आठवड्यात निघालेल्या एका शासन निर्णयाभोवती पुढचा बराचसा वाद फिरला. पूरग्रस्त कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत द्यायचे ठरले, पण क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असले पाहिजे, ही अट त्यात होती. संताप उसळला. अट नवी नाही, मदतीच्या जुन्या निकषांतलीच आहे, असा खुलासा झाला. खुलासा खरा होता, आणि तेच जास्त गंभीर होते. अट इतकी वर्षे तशीच चालत आली होती आणि तिची झळ कोणाला बसते हे कोणी तपासले नव्हते.

पंचनामा होतो पाणी उतरल्यावर. तलाठी, ग्रामसेवक दारात येतात तेव्हा भिंतीवर ओल असते, गाळाची रेघ असते. ती रेघ पाणी किती चढले ते सांगते. किती तास थांबले ते सांगत नाही. मग कालावधी ठरवायचा कशावरून? शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, नाहीतर अख्ख्या गल्लीला एकच माप लावून. पांढऱ्या मातीचे घर चार-सहा तासांत बसते; पक्क्या घराला दोन दिवस काही होत नाही. म्हणजे ज्याचे घर तकलादू, त्याचे नुकसान आधी आणि अट मात्र दोघांना सारखीच. नदीकाठी राहणाऱ्या कोणालाही हे विचारले असते तरी कळले असते. लोकांचा रोष 10 किलो गव्हासाठी नव्हता. ‘तुम्ही बुडालात की नाही ते आम्ही ठरवू’ हा त्यातला सूर जिव्हारी लागला होता. पुढच्या पुराच्या वेळी ही अट सैल करण्यात आली, यातच सगळे आले.

धान्याखेरीज 2019 ला सानुग्रह अनुदान होते: ग्रामीण भागात 10 हजार, शहरात 15 हजार, त्यातले 5 हजार रोख, बाकीचे बँक खात्यावर. एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा निर्णय झाला. लहान व्यापाऱ्यांना नुकसानीच्या 75 टक्के, पण कमाल 50 हजार. या यादीत सातबारा असलेला माणूस नीट बसतो. वाट्याने किंवा खंडाने शेती करणारा बसत नाही, कारण ऊस त्याचा असला तरी उतारा दुसऱ्याचा असतो. उसाचा पोंगा, म्हणजे शेंड्याचा कोवळा कोंब, पाण्याखाली राहिला की तो कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात आणि वजन घटते. तो तोटा कळतो कारखाना सुरू झाल्यावर, पंचनामे केव्हाच संपल्यावर. शेतमजूर बाईला तर पंचनाम्यात रकानाच नव्हता. रान गाळाखाली गेले की खुरपणीच्या हंगामातला तिचा रोजगार बुडतो, आणि त्याचा पंचनामा कोण करणार?

सावरायला मिळालेला काळही अपुरा होता. 2020 मध्ये टाळेबंदी आली, पेठेतला धंदा ठप्प झाला आणि 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 54 फुटांच्या वर. त्याच पावसात सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या वेळच्या मदतीत दुकानदाराला 50 हजार, टपरीवाल्याला 10 हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख असे आकडे होते. दुकानदारांसाठी स्थानिक मतदारयादी, रेशनकार्ड असले पुरावे लागत. दोन वर्षांत दोनदा बुडालेल्याने ही कागदपत्रे कुठून काढायची, हा प्रश्न सांगलीतल्या दत्तनगरपासून सूर्यवंशी प्लॉटपर्यंत सारखाच होता.

  

2005 च्या पुराने सांगलीत जे बदलले ते मात्र कोणत्याही पंचनाम्यात नीट आले नाही. शहरालगतच्या हरिपूर आणि सांगलवाडीच्या जमिनीत हळद साठवायची पेवे, म्हणजे खोल खड्ड्यांची कोठारे, होती. मातीचा गुण असा की हळद त्यात वर्षानुवर्षे टिके, कीड लागत नसे. पुराचे पाणी पेवांत शिरले, हळद गेली, पेवेही खचली. व्यापार थांबला नाही. तो शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजार सावरला असे म्हणताना पेवे भरणारे, उपसणारे हात कुठे गेले, हे विचारायला हवे.

आणि अलमट्टी, कृष्णेवरचेच खाली कर्नाटकातले धरण. कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 मध्ये धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करायला मुभा दिली, तेव्हापासून सांगलीत पुराचा विषय निघाला की तिथेच येऊन थांबतो. राज्याने 2019 नंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पुराला अलमट्टी कारण नसल्याचे म्हटले आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. काठावरच्या अनेक अभ्यासकांना ते पटलेले नाही. धरणात अडून मागे सरकणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचा, हा वाद मिटो न मिटो, पूररेषेच्या आत उभी राहिलेली घरे तिथेच आहेत. लाल रेषेत, म्हणजे मोठ्या पुराचे पाणी पोचते त्या हद्दीत, बांधकाम करू नका असे सांगितले जाते. ज्याचे अर्ध्या गुंठ्यातले घर आधीच त्या रेषेत आहे, त्याला पर्यायी जागा कोणी दाखवलेली नाही. ज्यांना परवडते ते वरचा मजला चढवतात. बाकीचे जुलै लागला की जनावरे पाहुण्यांच्या गावी पाठवतात आणि कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात.