उपचारक पेशींचे होमिंग

औषध म्हणून शरीरात सोडलेल्या जिवंत पेशींनी रोगग्रस्त ऊतीपर्यंत पोहोचणे, तिथे रक्तवाहिनीबाहेर पडणे आणि तग धरणे, या प्रक्रियेला होमिंग म्हणतात. पेशी-उपचारांत पेशी तयार करण्याचे तंत्र झपाट्याने सुधारले. त्या योग्य जागी नेण्याचे तंत्र मात्र मागे राहिले आहे. नुसती मात्रा वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींना ही वाट उपजतच ठाऊक असते. ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये रोग्यांना शिरेतून अस्थिमज्जा देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे मज्जारोपणाच्या कार्यासाठी त्यांना १९९०चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाताच्या शिरेत सोडलेल्या पेशी हाडाच्या पोकळीत जाऊन रुजतात, यावरच हा सारा उपचार उभा आहे.

हे घडते कसे? वेगाने वाहणारी पेशी आधी वाहिनीच्या आतल्या भिंतीला हलकेच धरते. भिंतीवरील ई-सिलेक्टिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करासाखळीला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. या पकडीत पेशीचा वेग मंदावतो आणि ती भिंतीवरून घरंगळू लागते. तेवढ्यात तिला ऊतीतून पाझरणाऱ्या केमोकाइन, म्हणजे पेशींना दिशा दाखवणाऱ्या रेणूंचा संकेत मिळतो. मज्जेतला प्रमुख संकेत सीएक्ससीएल१२ हा असून तो ओळखणारा ग्राही सीएक्ससीआर४ आहे. संकेत मिळताच पेशीवरील इंटेग्रिन प्रथिने घट्ट पकड घेतात आणि पेशी भिंतीतून पलीकडे सरकते. यातला एक दुवा जरी तुटला तरी प्रवास थांबतो. प्लेरिक्साफोर हे औषध नेमका सीएक्ससीआर४ अडवते. त्यामुळे मज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरतात आणि गोळा करता येतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशींची (हाड, कूर्चा, चरबी अशा ऊती घडवू शकणाऱ्या पेशींची) गोष्ट वेगळी. त्यांचा व्यास साधारण १५ ते ३० मायक्रोमीटर असतो, तर फुप्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटरच्या. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी पहिल्याच फेरीत फुप्फुसात अडकतात. शिवाय दीर्घ संवर्धनात त्यांच्यावरील सीएक्ससीआर४ घटतो. तरीही अडकलेल्या पेशी वाया जातातच असे नाही: उंदरांवरील २००९ च्या एका अभ्यासात फुप्फुसात अडकलेल्या मानवी पेशींनी टीएसजी-६ हे दाहशामक प्रथिन स्रवले आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतरची हानी कमी झाली. पोहोचणे आणि गुण येणे या दोन गोष्टी म्हणूनच स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

सुधारणेचा मला सर्वांत आश्वासक वाटणारा मार्ग पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करा बदलण्याचा आहे. रॉबर्ट सॅकस्टाइन यांच्या गटाने २००८ मध्ये एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने मेसेन्कायमल पेशींवरील सीडी४४ प्रथिनाला फ्यूकोज ही शर्करा जोडली. त्यामुळे हे प्रथिन ई-सिलेक्टिनला धरू लागले आणि उंदरांमध्ये त्या पेशी मज्जेत पोहोचल्या. याच तत्त्वावर गर्भनाळेच्या रक्तातील पेशींवर रोपणापूर्वी ३० मिनिटे प्रक्रिया करून त्या २२ रोग्यांना देण्यात आल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सावरायला मध्यकाने १७ दिवस लागले. आधीच्या तुलनागटात २६ लागले होते. चाचणी लहान होती, पण जनुकांना हात न लावता अर्ध्या तासात हे साधले, ही मोठी गोष्ट आहे.

अन्य उपायांत कमी ऑक्सिजनमध्ये पेशी वाढवून सीएक्ससीआर४ वाढवणे आणि जनुकबदलाने ग्राही बसवणे येते. कर्करोगाच्या घन गाठींविरुद्धच्या कार-टी पेशींना (कर्करोग ओळखण्यासाठी जनुकबदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशींना) गाठ स्रवत असलेल्या केमोकाइनचा ग्राही देण्याचे प्रयत्न चालू आहेत. रक्तकर्करोगात पेशींना लक्ष्य रक्तात आणि मज्जेतच भेटते. घन गाठीत त्यांना आत शिरावे लागते. काही ठिकाणी प्रवासच टाळून पेशी सांध्यात, हृदयाच्या धमनीत किंवा मेंदूतील पोकळीत थेट सोडतात.

पेशी खरोखर पोहोचल्या का, हे पाहणेही सोपे नाही. किरणोत्सारी इंडियम-१११ किंवा लोह ऑक्साइडचे कण पेशीत भरून त्यांचा माग काढता येतो, पण पेशी मेली तरी खूण उरते. मृत पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी ते लोह स्वतःत घेतात आणि एमआरआयमध्ये दिसणारा काळा ठिपका त्यांचाच असू शकतो. त्यामुळे फक्त जिवंत पेशीतच व्यक्त होणारे आणि पेट स्कॅनमध्ये टिपता येणारे सूचक जनुक पेशीत घालण्याची पद्धत अधिक विश्वासार्ह मानली जाते.