सोलापूरच्या उन्हाळ्यात चेरी घेताय? आधी देठ बघा

मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलची चेरी आपल्या लक्ष्मी मंडईत दिसायला लागते आणि सगळे रंग बघून डबा उचलतात, पण मी म्हणतो आधी देठ बघा. देठ बारीक असतो ना, त्यामुळं त्यातलं पाणी फळाच्या आधी उडतं. देठ हिरवा आणि लवचिक असला तर माल ताजा, तपकिरी होऊन वाळला असला तर फळ वरून कितीही चकचकीत दिसू दे, घेऊ नका. देठ तुटलेली चेरी पण टाळा, त्या जखमेतनं बुरशी सहज आत शिरते.

आंबा, चिकू, केळी कच्ची आणून घरी पिकवता येतात, कारण तोडल्यावरही त्यांच्यात इथिलीन (फळ पिकवणारा वायू) वाढत राहतं आणि स्टार्चची साखर होते. चेरीचं तसं नाही ओ, ती आपल्या द्राक्ष-डाळिंबाच्या पंगतीतली, झाडावर असताना जेवढी गोडी भरली तेवढीच. त्यामुळं "दोन दिवस ठेवा, गोड होईल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाल जातींमध्ये रंग जितका गडद तितकं फळ सहसा जास्त पिकलेलं, हा रंग अँथोसायनिन नावाच्या नैसर्गिक रंगद्रव्याचा. (केकवरची लालभडक चेरी वेगळी बरं का, आपल्याकडं ती बऱ्याचदा पाकात मुरवलेलं करवंद असतं.)

आता खरा प्रश्न आपल्या उन्हाचा. तोडलेलं फळ जिवंतच असतं, श्वास घेतं आणि त्यात स्वतःचीच साखर जाळतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. चेरीला मानवतं ० अंशाच्या आसपासचं तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर, हवा कोरडी. म्हणून मंडईत चेरी सगळ्यात शेवटी घ्या आणि घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.

पण धुवून ठेवायची नाही! चेरीची साल पाणी शोषते आणि आतून फुगून तडकते, काढणीच्या तोंडावर पाऊस आला की बागेतली फळं झाडावरच फुटतात ती याच कारणानं. मऊ पडलेली, फुटलेली आधी वेगळी काढा, बाकीची देठासकट डब्यात टिश्यू पेपर घालून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, दार उघडलं की तिथं गरम हवा लागते. खाताना लागेल तेवढीच काढून धुवा, कारण सगळा डबा बाहेर काढला की थंड फळावर हवेतलं पाणी जमतं आणि तो ओलावा बुरशीला पुरतो. असं ठेवलं तर चांगली चेरी आठवडाभर आरामात टिकते.

जास्तच आणली असेल तर बिया काढून ताटात सुटी सुटी पसरून फ्रीझरला लावा, गोठली की पिशवीत भरा. ज्यूस करताना मात्र बी मिक्सरमध्ये अजिबात जाऊ देऊ नका, बीच्या आतल्या गरात अमिग्डालिन असतं आणि ते भरडलं की त्यातनं सायनाइड तयार होतं.