पंप बिघडला, पण तेलामुळे नव्हे

बीएमडब्ल्यूची झेड-४ (ई-८५) ही दोन आसनांची गाडी २००२ ते २००८ या काळात अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनली. तिचं विजेवर चालणारं कापडी छत दहाएक सेकंदांत घडी होऊन सीटमागच्या कप्प्यात जातं. आता या गाड्या जुन्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं छत हलेनासं होतं. बटण दाबलं की नुसता रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, 'टक्' आवाज येतो. मग 'हायड्रॉलिक पंप (तेलाच्या दाबानं छत हलवणारा) गेला' असं निदान होतं आणि नव्या पंपाचं भलंमोठं बिल समोर येतं. खरं तर तेल ढकलणारा भाग अनेकदा ठणठणीत असतो. गेलेली असते ती त्याला जोडलेली मोटर, आणि तीही पावसाच्या पाण्यानं.

या यंत्रणेत १२ व्होल्टची मोटर एक छोटा पंप फिरवते. मोटर सुलटी फिरली की तेल सिलिंडरच्या एका बाजूला जातं, उलटी फिरली की दुसऱ्या. त्याप्रमाणे दट्ट्या पुढे-मागे सरकतो आणि छत उघडतं किंवा मिटतं. एवढ्याशा पंपात एवढं बळ कुठून येतं? पास्कलचा नियम सांगतो की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. समजा दाब १०० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे शंभरपट) आहे आणि दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर. त्याचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ३.१४ चौरस सेंटिमीटर, पण जोर मिळतो सुमारे ३२० किलो वजनाइतका.

आता पाण्याकडे वळू. कापडी छतावरून ओघळणारं पाणी घडीच्या कप्प्याच्या कडेला उतरतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली जातं. नळीत पाला, धूळ, शेवाळ साचलं की ती तुंबते. पावसाळ्याआधी गच्चीचं पन्हाळं साफ केलं नाही की जे होतं, तेच इथे होतं. दुर्दैव असं, की मोटर आणि पंप बसवलेत नेमके या खोलगट कोपऱ्यात, तेही आवाज दाबणाऱ्या फोमच्या वेष्टनात. फोम पाणी धरून ठेवतो. मोटर दिवसेंदिवस ओलीत राहते, बेअरिंग गंजतं, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश अडकतात. माझ्या मते हा दोष मालकाच्या निष्काळजीपणाचा कमी आणि जागेच्या निवडीचा जास्त.

त्यामुळे दुरुस्ती करणारे जाणकार आधी नळी मोकळी करतात, मगच पंपाला हात लावतात. छताला नीट आधार देऊन, दाब सोडून तेलाच्या नळ्या काढायच्या. दाबाखालची गळती बोटानं चाचपायची नाही. बारीक फवारा कातडीत शिरू शकतो. मोटर उघडून गंज काढायचा, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) साफ करायचा, ब्रश आणि बेअरिंग बदलायचं. आतलं चुंबक सुटलं असेल किंवा वेटोळं जळलं असेल, तर मात्र मोटरच बदलावी लागते. अनेक जण परत बसवताना ती जुन्या जागी न ठेवता डिकीत हलवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

तेल उत्पादकानं सांगितलेलंच हवं. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या छतांत ब्रेक ऑइल असे. त्यासाठी बनलेल्या सीलना (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांना) खनिज तेल लागलं की त्या फुगतात.

नळ्या उघडल्या म्हणजे हवा शिरलीच. १०० बार दाबाखाली तेलाचं आकारमान १ टक्काही घटत नाही, हवा मात्र शंभराव्या हिश्शापर्यंत आक्रसते. पंपाची मेहनत मग हवा दाबण्यातच जाते आणि छत कचरत, धक्के खात सरकतं. म्हणून छत काही वेळा पूर्ण उघडून-मिटून हवा पंपाच्या तेलाच्या टाकीत परतू द्यायची आणि तेलाची पातळी पाहायची. तीही छत माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत असतानाच, कारण दट्ट्याचा दांडा सिलिंडरमध्ये शिरला की तेवढं तेल टाकीत येतं, बाहेर निघाला की टाकीतून जातं.